लेकीच्या घरचं पाणी

"हे पाणी कुणाचं?" आबांनी विचारलं.

त्यांच्या हातात मी नुकतीच सुई घातली होती आणि सिस्टर सलाईनची बाटली स्टँडला अडकवत होत्या. आबा गुडघे पोटाशी घेऊन एका कुशीवर पडले होते. घामाने बनियन अंगाला चिकटलं होतं, धड श्वास पुरत नव्हता, पण नजर त्या बाटलीवर होती.

"सलाईन आहे, आबा. औषध."

"औषध न्हवं. मीठ घातल्यालं पाणी हाय ते. मला काय कळत न्हाई व्हय? कुणाचं, ते सांग."

"दवाखान्याचं."

"म्हंजे तुझंच की." असं म्हणून त्यांनी दुसरा हात सुईकडे नेला. मी तो वरच्या वर धरला. माझ्या वडिलांचा हात मी असा जोर लावून पहिल्यांदाच धरत होते, आणि त्यात जोर उरलेला नाही हे मला तेव्हाच कळलं.

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते पोटाच्या दुखण्याने गेले नाहीत. वयाने गेले, झोपेत गेले. त्यामुळे हे सगळं सांगताना मला अपराधी वगैरे वाटत नाही. राग येतो. तो तेव्हाही आला होता आणि अजून जिरलेला नाही.

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बहुतेक बापांना ती वर्ष-दोन वर्षं पाळावी लागते. मग नातवंड पाळण्यात पाय झाडायला लागलं की ते जावयाच्या घरी खुशाल पाटावर बसून पुरणपोळी हाणतात. मला मूल झालं नाही. मी सर्जन, नवरा भूलतज्ज्ञ, दोघांनी मिळून तालुक्याच्या गावी दवाखाना काढलेला. खाली दवाखाना, वर घर. लोकांच्या पोटातले खडे, गाठी काढता काढता आमची स्वतःची वर्षं निघून गेली. आणि तेवढी सगळी वर्षं आबा आमच्या दारात येऊन कोरडेच परत गेले. येताना घनसाळ तांदळाचं पोतं, पहिल्या गुऱ्हाळाचा गूळ, दिवाळीला साडी, काय काय घेऊन यायचे. देण्यात आबा कधी कमी पडले नाहीत. पण घोटभर पाणी विचारलं की, "तहान न्हाई गं," म्हणायचे आणि समोरच्या टपरीवर जाऊन दोन कप चहा प्यायचे. त्या टपरीवाल्याची घागर रोज सकाळी आमच्याच नळावर भरली जायची. हे मी आबांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हाताऱ्याने चहाही सोडला असता.

तर असे आबा त्या दिवशी सकाळी जीपमध्ये आडवे घालून माझ्याकडे आणले गेले. आणणारा माझा थोरला भाऊ, जयवंतदादा. गावच्या हायस्कुलात मास्तर. स्वभावाने गरीब, म्हणजे आबांपुढे गरीब.

"परवापासनं दुखतंय," तो म्हणाला. "आधी ओवा दिला. मग बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेतलं. काल जरा बरं वाटलं म्हणाले, आणि पहाटेपासनं हे असं."

पोट फळीसारखं टणक झालं होतं. बोट टेकवलं तरी आबा दात आवळत होते. नाडी धावत होती. उभं धरून एक्स-रे काढला, तर यकृताच्या वर काळी चंद्रकोर दिसली. पोटात कुठेतरी भोक पडून आतली हवा बाहेर आली होती. अशा वेळी सर्जनला फार विचार करावा लागत नाही. पोट उघडायचं, भोक शोधायचं, बंद करायचं. उशीर केला की पू रक्तात शिरतो आणि मग पेशंट हाताला लागत नाही.

सलाईनचा तिढा दादाने सोडवला. शेजारच्या मेडिकलमधून त्याने स्वतः बाटल्या आणल्या आणि त्या आबांना दाखवल्या. "ह्या माझ्या, आबा. मी आणल्यात." मग कुठे आबांनी हात सैल सोडला. मी लावलेली बाटली काढून अगदी तशीच दुसरी बाटली लावण्यात सिस्टरांचा वेळ गेला.  

"आबा," मी म्हटलं, "ऑपरेशन करावं लागेल. लगेच."

"कर म्हणावं. कोण करतंय?"

"मी."

 आबा दादाकडे पाहत म्हणाले, "जयवंता, मला कोल्हापूरला ने."

"घाटातून दोन तास लागतील," मी म्हटलं. "वाटेत काय झालं तर?"

"तर तिथं. लेकीच्या ताटात मी हात घातला न्हाई. आता तिच्या हातनं पोट फाडून घेऊ? जगलो तर लोक काय म्हणतील, दत्ताजी लेकीच्या जिवावर उठून बसला."

"लोकांची पोटं मी रोज उघडते आबा. ते सगळे माझ्या जिवावरच उठून बसलेत."

"ते लोक हैत. मी बाप हाय."

बोलता बोलता त्यांना कळ आली आणि ते वाकडे झाले. तेवढ्यापुरता वाद थांबला.

दादाने मला बाहेर व्हरांड्यात नेलं. माझा नवरा श्रीरंग तिथेच उभा होता. दादा म्हणाला, "पोतनीस डॉक्टरांना बोलावू या का? कोल्हापूरचे. आपल्या पाटलांचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. आबांना त्यांचं नाव माहीत आहे. ते इथे येऊन करतील, तू फक्त जागा दे."

मी म्हटलं, बोलाव. मला मान नको होता, बाप हवा होता.

पोतनीसांना फोन लागला. त्यांची स्वतःची ऑपरेशनं चालू होती. ती आटोपून निघतो म्हणाले. आबांना हे सांगितलं तसा त्यांचा चेहरा निवला. "साहेब येतो म्हणाले न्हवं? मग झालं तर," म्हणाले. आम्ही वाट बघत बसलो. गावाकडची माणसं जीपने, मोटरसायकलने यायला लागली. आबा एकेकाळचे सरपंच, त्यांना मानणारा गाव. व्हरांडा भरला. जो तो विचारत होता, साहेब आले का? मला कुणी काही विचारत नव्हतं. मी तिथे डॉक्टर होते हे लोक विसरले नव्हते, पण आज मी लेक होते आणि लेकीने अशा वेळी कोपऱ्यात उभं राहून डोळे पुसायचे असतात.

दुपार झाली. पोतनीस अजून निघाले नव्हते. आबांचा रक्तदाब उतरायला लागला. जीभ कोरडी पडली, बोलण्यात बरळ यायला लागली. श्रीरंग दोनदा मापून आला आणि मला म्हणाला, "आणखी थांबलीस तर मी भूल देणार नाही. दिली तर ते उठणार नाहीत."

मी दादाला मागच्या खोलीत ओढून नेलं. "आता करते आहे. तू हो म्हण किंवा नको म्हण."

दादा घामाघूम झाला होता. "कर," तो म्हणाला. "पण उजे, आबांना साहेबांनीच केलं असं सांगायचं. आणि बाहेरही तेच."

"का?"

"जगले आणि तू केलंस हे त्यांना कळलं तर ते अन्न सोडतील. तुला आबा माहीत नाहीत का? आईची शपथ घे."

श्रीरंग दारात उभा होता. तो सहसा आमच्या घरच्या भानगडीत पडायचा नाही. त्या दिवशी पडला. "उज्ज्वला, असली शपथ घेऊ नकोस," तो म्हणाला. "काही वाकडं झालं तर म्हणतील लेकीने केलं, आणि चांगलं झालं तर साहेबांनी. दोन्हीकडून तूच मरशील."

त्याचं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण आत बाप चालला होता. मी आईची शपथ घेतली.

आबांना टेबलावर घेतलं. ते अर्धवट शुद्धीत होते. "साहेब आले काय?" त्यांनी विचारलं. श्रीरंग सिरिंज भरत होता. त्याने मान वर केली नाही. मी हात धुऊन, गाऊन, मास्क, टोपी चढवून टेबलाजवळ उभी होते. "लांब श्वास घ्या," एवढंच मी म्हटलं. आबा झोपले.

पोट उघडलं आणि पहिल्यांदा पू आला. तो शोषून घेतला, पुसला. माझी खात्री होती की जठराचा अल्सर फुटलाय. आमच्याकडे दहातल्या नऊ वेळा तेच असतं. जठर पाहिलं, त्याच्या पुढचं वळण पाहिलं. सगळं धडधाकट. मग लहान आतडं हातात घेऊन वरून वीत वीत तपासत खाली निघाले, आणि डाव्या बाजूला, आतडं सुरू होतं तिथून जरा पुढे गेल्यावर, मला ते दिसलं.

आतड्याला पिशव्या आल्या होत्या. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगे येतात तशा. उतारवयात कुणाकुणाच्या लहान आतड्याची भिंत, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात तिथे, कमजोर होते आणि आतलं अस्तर बाहेर फुगतं. बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. पुस्तकात मी चित्र पाहिलं होतं. खऱ्या पोटात तोवर कधीच नाही. वीतभर-दीडवीतभर लांबीत त्या पिशव्या एकमेकींना खेटून होत्या, लालभडक सुजलेल्या, आणि त्यातली एक फुटली होती. त्यांच्या खाली आणखी होत्या, पण लांब लांब, शांत.

"काय आहे?" श्रीरंगने विचारलं.

मी सांगितलं.

"भोक शिवून टाक आणि बाहेर पड. बीपी चढत नाहीये."

मी फुटलेल्या पिशवीची कड चिमट्यात धरली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती. तिने टाका धरला नसता. आज शिवलं असतं आणि चार दिवसांनी उसवलं असतं. "शिवून भागणार नाही," मी म्हटलं. "हा तुकडाच काढावा लागेल. मला वेळ दे."

"माझ्याकडे असेल तेवढा तुझा," तो म्हणाला.

खालच्या पिशव्यांचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता. सगळ्याच काढायच्या तर निम्मं आतडं जाणार. म्हातारा जगला असता, पण खाल्लेलं अंगी लागलं नसतं. मी त्या शांत पिशव्या तशाच ठेवल्या. बिघडलेला तुकडा कापून काढला, दोन टोकं जोडली, जोडावर बोट फिरवून पाहिलं, पोट धुतलं, नळी ठेवली. आज कुणी मला विचारलं की तुझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर मी हेच सांगेन. पण ते कुणी विचारत नाही, कारण ते मी केलेलंच नाही.

मी हातमोजे काढत होते तेव्हा बाहेर पोतनीसांची गाडी वाजली.

गोरे, उंच, सोनेरी काडीचा चष्मा. थिएटरच्या दारातूनच त्यांनी आत डोकावलं. "झालं का? वा! काय सापडलं?" मी सांगायला लागले, पण तोवर दादाने त्यांचा हात धरला होता आणि त्यांच्या कानाशी लागून तो काहीतरी घाईघाईने बोलत होता. पोतनीसांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, जरा अवघडल्यासारखं. मग खांदे उडवले. "पेशंटचं भलं होत असेल तर माझी काही हरकत नाही. मॅडम, तुम्हाला चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल.

ते व्हरांड्यात गेले. माणसं उठून उभी राहिली. "ऑपरेशन उत्तम झालं," ते म्हणाले. "खराब भाग काढून टाकला आहे. काळजी नको." कुणी काढला, ते काही त्या बोलण्यात आलं नाही. खोटं असं ते बोललेच नाहीत. मोठी माणसं इतकी सफाईने वागतात की आपल्याला त्यांचा रागही नीट करता येत नाही. गावच्या माणसांनी त्यांच्या पायाला हात लावले. मग वर आमच्या घरात बसून ते पोहे आणि चहा घेऊन गेले. पोहे मीच केले.

आबा उठले. ताप उतरला, पोट हललं, वारा सरला. पहिलं पाणी द्यायची वेळ आली तेव्हा मी चमच्याने पाजायला गेले, तर त्यांनी ओठ मिटले. दादाने टपरीवरून ग्लास आणला. ते पाणी आबा चवीने प्यायले. "गोड हाय," म्हणाले. माझ्या नळाचं पाणी गोड आहे हे मला असं समजलं.

घरी जायच्या दिवशी मी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, "सगळ्या पिशव्या काढलेल्या नाहीत. पुन्हा दुखलं, ताप आला, काळं शौचाला झालं, तर एक तासही थांबायचं नाही. थेट माझ्याकडे आणायचं."

"साहेबांकडे न्यायला लागेल ना?" दादा म्हणाला. "त्यांनी केलंय म्हटल्यावर..."

"दादा, त्यांनी काय केलंय?"

तो आबांची औषधं उचलून जीपकडे गेला.

त्यानंतर दर वर्षी नवा तांदूळ आणि गुळाच्या ढेपी कोल्हापूरला पोतनीसांच्या घरी जायला लागल्या. माझ्याकडेही यायच्या. पोत्यांचा आकार सारखाच असायचा. आबांनी मला कमी दिलं असं मी म्हणणार नाही. पण कुणी भेटायला आलं की आबा सदरा वर करून व्रण दाखवायचे, आणि मी समोर बसलेली असले तरी सांगायचे, "साहेबांनी मरणाच्या दारातनं वडून काढला बघा. काय हात हाय त्या माणसाचा! टाका दिसतोय का कुठं?" पाहुणे वाकून बघायचे आणि माना डोलवायचे. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आता उठावं आणि सांगावं. मग आईची शपथ आठवायची. आणि आबांनी अन्न सोडलं तर काय, ही भीतीही खरीच होती. मी माझ्या समाधानासाठी म्हाताऱ्याला उपाशी मारणार होते का? म्हणून मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात मी त्यांच्यासाठी काही करते आहे, अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीवरच मी तग धरून होते.

आबांची पंच्याहत्तरी गावात थाटाने झाली. मांडव, सनई, सगळं. दादाने पोतनीसांना खास आमंत्रण दिलं होतं आणि ते सपत्नीक आलेही. स्टेजवर आबांच्या शेजारी त्यांची खुर्ची. माईकवर जाहीर झालं की आबांना पुनर्जन्म देणाऱ्या डॉक्टरसाहेबांचा शाल, श्रीफळ देऊन सत्कार होईल आणि औक्षण करतील आबांच्या कन्या, डॉक्टर उज्ज्वलाताई.

मला आधी सांगितलेलं नव्हतं. दादाने माझ्या हातात तबक दिलं आणि नजर चुकवली. श्रीरंग पहिल्या रांगेत बसला होता. तो उठून मांडवाबाहेर निघून गेला. मी स्टेजवर चढले. पोतनीसांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. खाली वाकले तेव्हा ते हळूच म्हणाले, "मॅडम, काय होतं हो तेव्हा? अल्सरच फुटला होता ना? लोक विचारतात, काहीतरी सांगावं लागतं."

"लहान आतड्याच्या पिशव्या होत्या," मी म्हटलं.

"असं होय!" ते म्हणाले. तेवढ्यात आबांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि मांडवात टाळ्या पडल्या. टाळ्या मीही वाजवल्या. तबक खाली ठेवून वाजवल्या.

जेवणं चालू असताना आबा दमले म्हणून त्यांना आतल्या खोलीत झोपवलं होतं. मी बघायला गेले. त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तोंड का पाडलंस?"

"दमलेय."

"दमली न्हाईस. चिडलीस." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मला ठाव हाय गं."

"काय ठाऊक आहे?"

"पोट तू फाडलंस ते."

मला वाटलं दादाने सांगितलं. पण दादाची ती छाती नव्हती.

"मास्क लावला म्हणून काय बापाला लेक वळखता येत न्हाई व्हय?" आबा म्हणाले. "लांब श्वास घ्या म्हणालीस न्हवं? मी बघितलं तुझ्याकडं. म्हटलं, हीच हाय. म्हटलं, हिच्या हातात हाय तर आता मरत न्हाई आपण. आणि डोळं मिटलं."

मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. क्षणभर मला फार बरं वाटलं. इतकं बरं की रडू आलं. मी त्यांचा हात धरला. आणि मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय की."

"मग पाणी का नाही प्यायलात माझ्या हातचं? लोकांना सदरा वर करून काय दाखवत होतात? आज शाल त्यांना का?"

"असं काय बोलतीस येड्यासारखी," आबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "चार लोकांत कुणाला तरी शाल घालायला लागतीच की. तुला घातली असती तर माझी मान खाली गेली असती. तू बोलली न्हाईस, मी बोललो न्हाई. झाकली मूठ. तू शहाणी पोर हैस."

मी त्यांना वाचवायला गप्प बसले होते. त्यांना वाचवायची गरजच नव्हती. ते अन्न सोडणार नव्हते, काहीच सोडणार नव्हते. मी त्यांना जगवलं होतं ते त्यांनी मुकाट्याने घेतलं होतं, पोटभर घेतलं होतं, आणि वर ते घेतलं नाही म्हणून रीत पाळल्याचा मानही घेतला होता. मी हात सोडवून घेतला.

"ते ऱ्हाऊ दे आता," आबा म्हणाले आणि त्यांचा चेहरा बारीक झाला. "कालपासनं पुन्हा दुखाय लागलंय. तेव्हासारखं न्हाई, पर दुखतंय. तूच बघ. त्या साहेबाला काय कळतंय? दार लावून घे आधी."

बाहेर पंगत उठत होती, माणसं दारावरून जात-येत होती. मी उठले, दारापर्यंत गेले. कडीला हात लावला. आणि माझ्याच्याने ते झालं नाही. मी दोन्ही फळ्या भिंतीला लागेपर्यंत उघडल्या आणि मोठ्याने हाक मारली, "दादा, जरा ये. आबांच्या पोटात दुखतंय. मला तपासायचंय."

दादा धावत आला. त्याच्या मागे चार पाहुणे आले. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, लहान मूल चोरी पकडल्यावर पाहतं तसं. मग सदरा खाली ओढला.

"साहेब हैत न्हवं अजून?" ते दादाला म्हणाले. "त्यास्नी बोलीव."

पोतनीस हात पुसत पुसत आले. खांद्यावर शाल तशीच. खोलीत गर्दी झाली. ते पलंगाच्या कडेला बसले, सदरा वर केला, आणि जिथे अल्सरचं दुखणं दाबून बघतात तिथे, छातीच्या पिंजऱ्याखाली मधोमध, दाबायला लागले. "इथे दुखतं? इथे?" आबा मान हलवत होते, नाही. पोतनीस उजवीकडे सरकले. आबांच्या कपाळावर घाम आला होता. मला दिसत होतं की ते स्वतःच डाव्या कुशीकडे आखडून घेत आहेत. एकट्या पोतनीसांना ते दिसत नव्हतं.

"डावीकडे, डॉक्टर," मी म्हटलं. "बेंबीच्या वर, डावीकडे बघा."

पोतनीसांचा हात थांबला. खोलीतली माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"उजे, साहेबास्नी शिकवू नगंस," आबा दात आवळून म्हणाले. "त्यांनी हे पोट आतनं बघितलंय."